टँकरला दिलेलं आवतण

भाऊजी, तुमच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. काल तुमची तेरवी झाली. अर्धं बोरी अरब जेवून गेलं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य, "माणूस मोठा बोलका होता." मी पंगतीत वरण वाढत होते. वाटलं, बादली खाली ठेवावी आणि एकेकाला विचारावं, कोणाशी बोलका होता हो? बैलांशी, पारावरच्या लोकांशी, एसटीच्या कंडक्टरशी. पोटच्या पोराशी बोलायची वेळ आली की तुमची जीभ टाळूला चिकटायची. पण तेरवीच्या पंगतीत असं काही बोलत नाहीत, म्हणून गप्प राहिले. आज दुपारी ताई जरा आडवी झाली आहे, आणि मला गप्प राहवत नाही.

गजूवरून आपलं भांडण जुनंच. ज्या वर्षी अळीनं कपाशीची बोंडं पोखरून टाकली, त्या वर्षी तो म्हणाला होता, "बाबा, आता पऱ्हाटी नको." तुम्ही पुढच्या हंगामात पुन्हा पऱ्हाटीच लावलीत. तो फौजेच्या भरतीला गेला आणि निवडूनही आला. निघायच्या दिवशी पिशवी घेऊन ओट्यावर उभा राहिला, तेव्हा तुम्ही गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बसलात. ताई एकटीच त्याला एसटीवर सोडून आली. तेव्हापासून तुम्हा बापलेकांचं सगळं बोलणं तिच्या मार्फत. तुमचं "त्याले सांग", त्याचं "बाबाले सांगजो". माझी बहीण तुमच्या घरात सून म्हणून आली होती भाऊजी, टेलिफोन म्हणून नाही.

मग गजूची तुकडी शांतिसेनेत काँगोला गेली. आफ्रिका म्हटल्यावर ताईचं जेवण उडालं. तुम्ही मात्र वखर पाजळायला लोहाराकडे गेलात. पुढच्या वर्षी दारव्ह्याच्या आमच्या गाण्याच्या मंडळाला सरकारी कार्यालयातून विचारणा झाली, की परदेशात असलेल्या जवानांचं मनोबल वाढवायला कार्यक्रम घेऊन जाल का. त्या तुकडीत आपल्या भागातले बरेच जवान होते, म्हणून इकडचीच मंडळी हवी होती. मी मंडळाची प्रमुख, शाळेतली गाण्याची बाई. बातमी बोरीला पोचली आणि बाजाराच्या दिवशी तुम्ही माझ्या दारात हजर. पोहे खाल्लेत, चहा घेतलात, कापूस खरेदी केंद्रापासून गाड्यांची रांग कुठवर गेली ते सांगितलंत, दुसरा चहा घेतलात. मी वाट पाहत होते. शेवटी चप्पल पायात सरकवता सरकवता म्हणालात,

"मास्तरीण, तुमच्या टोयीत खंजेरीवाला लागते काय?"

"खंजेरीवाला आहे आमच्याकडे."

"त्याच्या पोरीचं लगन हाय म्हणते न त्याच टायमाले."

"भाऊजी, तुम्हाला गजूला भेटायचंय का?"

"मले हवाई जहाज पाह्याचं हाय."

पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसालाही तुम्ही हेच सांगितलंत. बायकोलाही हेच सांगितलंत! ताईनं मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "गेल्यावर बोलतीन का गं हे त्याच्याशी?" मी तिला शब्द दिला, की बोलायला लावीनच. त्या शब्दाचं तुम्ही जे काही केलंत, त्यासाठी तुम्हाला माफी नाही.

त्या दिवसांत तर गंमतच होती. कापसानं मारलेल्या आपल्या जिल्ह्याचं मनोबल वाढवायला दिल्ली-मुंबईहून पुढाऱ्यांच्या गाड्यांचे ताफे येत होते, आणि आपण खंजेरी-पेटी घेऊन जवानांचं मनोबल वाढवायला आफ्रिकेला निघालो होतो. नागपूरच्या रस्त्याला तसा एक ताफा आपल्या जीपला समोरून आडवा आला. तुम्ही खिडकीतून डोकं काढून म्हणालात, "जा बाप्पा जा, घरी कोणी नाही. आमी चाल्लो तिकडं." जीपमधले सगळे हसले. मीही हसले. रागावलेल्या माणसाला हसवायची तुमची खोड मोठी वाईट होती.

ताईनं गजूसाठी मुंगवड्या दिल्या होत्या. छतावर वाळवलेल्या, त्याला लहानपणापासून आवडायच्या तशा, जास्त लसणाच्या. ती पिशवी तुम्ही सामानात टाकली नाहीत, तिकडे पोचेपर्यंत मांडीवर घेऊन बसलात. मला वाटलं, चला, आता तरी सुधारला माणूस.

काँगोतला तो कॅम्प अजून डोळ्यांसमोर आहे. लाल माती, पांढऱ्या रंगानं रंगवलेल्या गाड्या, पत्र्याच्या खोल्यांची रांग, आणि आपल्याला पाहून धावत आलेले जवान. आपण कोण, काय गाणार, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. गावाकडून माणूस आलाय, बस्स. गजू तिथे पाण्याचा टँकर चालवायचा. टँकर आवारात आला, तो खाली उतरला, माझ्या पाया पडला, मग तुमच्या. किती महिन्यांनी पोरगा दिसत होता! मी डोळे पुसत होते. तुम्ही त्याच्या डोक्यावरून पलीकडे टँकरच्या चाकाकडे बघत होतात.

"हं," म्हणालात. आणि जरा वेळानं, "टायर झिजले दिसते."

मुंगवड्या त्याच्या हातात ठेवाल म्हणून मी बाजूला झाले. तर तुम्ही सरळ लंगरमध्ये गेलात आणि पिशवी तिथल्या आचाऱ्याला देऊन मोकळे झालात. "सर्वायले वाटून टाका." आईनं पोरासाठी केलेला जिन्नस समुद्रापलीकडे नेऊन त्याला ताटात दोन वड्या! मी विचारलं तर म्हणालात, "येकट्याले कसं द्याचं, बाकीचे पोट्टे पाह्यतीन न." 

तिथल्या मोठ्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मॅडम, घर की परेशानी की कोई बात नहीं. जवान का मनोबल गिरना नहीं चाहिए." मी ते मंडळातल्या प्रत्येकाला समजावलं, तुम्हाला जरा जास्तच. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम रीतसर झाला. मी देशभक्तीची गाणी म्हटली, जवानांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. मग जेवणाच्या वेळी पांढरकवड्याकडच्या एका जवानानं तुम्हाला विचारलं, "काका, तिकडं पाऊसपाणी?"

झालं. "पाऊस हाय न! पण वावर सोडून. रोडवर येते, लगनात येते, आमच्या मास्तरीणबाईच्या कार्यक्रमाले तं हमखास येते."

"अन् कापूस?"

"कापूस गाडीत हाय, गाडी रांगेत हाय, अन् बैल मायाकडं पाहून हासून राह्यले."

मी टेबलाखालून तुमच्या पायावर पाय दिला. काही उपयोग झाला नाही. अळीपासून खरेदी केंद्रापर्यंत घरची एकूण एक परेशानी तुम्ही त्या टेबलावर मांडलीत आणि ते जवान पोट धरधरून हसले. साहेबांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण जवान हसताहेत म्हणून तेही हसले. माझ्या गाण्यांना एवढी दाद मिळाली नव्हती, हे कबूल करताना आजही जिवावर येतं. पण एक तुमचं मानते. त्या जवानांना गोड बातमी नको होती, खरी हवी होती, आणि हे तुम्हाला न सांगता कळलं. गजू शेवटच्या टेबलावर बसला होता. ताटात बघून हसत होता. तुम्ही त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाहीत, पण प्रत्येक वाक्य त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत होतात.

परतीचं विमान लांबलं, आणि पोळा तिथेच आला. आदल्या दिवशी दुपारी आपल्याकडची चार पोरं तोंड पाडून बसली होती. "आज घरी खांदशेकणी असंन," एक म्हणाला. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलून निघतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पळसाच्या पानानं त्याला तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. लहान पोरालाही पाठ असतं ते. पण त्या कॅम्पात बैल कुठून आणणार? तुम्ही आवारभर नजर फिरवलीत आणि उठलात.

"ओझं कोन वाह्यते अठी? गाड्याच न? मंग त्याच बैल."

लंगरमधून तूप आलं, हळद आली, पळस नव्हता म्हणून केळीचं पान आलं. ऊन कलायला लागलं होतं. तुम्ही ट्रकामागून ट्रक करत निघालात, प्रत्येकाच्या बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांना तूप-हळद चोळत, प्रत्येकाला आवतण देत. पोरं मागे हसत, शिट्या मारत. परप्रांतातले जवानही येऊन उभे राहिले. साहेब मला म्हणाले, "ये क्या कर रहे हैं?" मी म्हटलं, "सर, गाड़ी की पूजा." दुसरं काय सांगणार होते?

शेवटी टँकर. गजू वर केबिनमध्ये बसला होता, स्टिअरिंगवर हात ठेवून. तुम्ही टँकरला इतरांपेक्षा जास्त वेळ चोळत राहिलात. मग वर न बघता म्हणालात, "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या." आणि थांबलात. पोरं हसायची थांबली. तुम्ही पुन्हा म्हणालात, आता आवाज नेहमीचा नव्हता, "या घरी जेवाले."

आवतणात 'घरी' हा शब्द नसतो, भाऊजी. तो तुम्ही घातलात.  म्हटलं, आता वर बघा. एकदा वर बघा, अहो, तो तिथेच बसलाय! तुम्ही हात धुवायला निघून गेलात. आणि तुमच्या लेकानं काय केलं? हॉर्न वाजवला. एकदा, हळूच. पोरांनी टाळ्या पिटल्या, आवतण पोचलं म्हणून. मी मात्र डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दोन खोल्यांच्या मधे दोर बांधून पानांचं तोरण केलं, खाली गाड्यांची रांग लागली. तोरणाखाली झडत्या म्हणायच्या, म्हणजे एकमेकाला यमक जुळवून टोले हाणायचे, आणि तिथे काहीही बोललं तरी कोणी रागवायचं नाही, ही रीत. झडत्यांत तुमचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. तुम्ही कानावर हात ठेवून सुरुवात केलीत,

"बोंड खाल्लं अयीनं, उभी राह्यली पऱ्हाटी,
पोट्टं गेलं आफ्रिकेत, बाप धरे काठी!
हर बोला हर हर महादेव!"

जवानांनी गजर केला. आणि रांगेतून टँकरच्या फूटबोर्डावर उभा राहून गजूनं उत्तर दिलं,

"बैलासंगं बोलते बाप, बोलते म्हशी-गाईले,
पोट्ट्याचा निरोप तेवढा सांगते त्याच्या माईले!
हर बोला हर हर महादेव!"

गजर आधीपेक्षा मोठा झाला. साहेबांनी मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "सर, खेती के बारे में बोल रहे हैं." तुमचा चेहरा मी पाहिला. लाल झाला होता, आणि तुम्ही हसत होतात. पोरगा तुमच्या तोडीचा निघाला याचा आनंद लपत नव्हता. वाटलं, आता बांध फुटला, आता दोघं कुठेतरी शांत बसतील आणि बोलतील. ताईला दिलेला शब्द पुरा झाला.

कशाचं काय! निघताना तो बॅगा चढवायला आला. तुमच्या पाया पडला. तुम्ही खिशात हात घालून उभे. आणि लेकाला शेवटचं काय सांगितलंत? "टायर बदलून घेजो."

परत आल्यावर मी तुम्हाला सुखानं झोपू दिलं नाही, हे खरं आहे. भेटले की तेच. काहून बोलले नाही?

"बोललो न. सर्वायसमोर बोललो."

"टँकरशी बोललात तुम्ही!"

"तो आयकत होता न आतून."

"भाऊजी, माणसाला सरळ सांगावं लागतं. ये म्हणावं. तुझी आठवण येते म्हणावं. जीभ झडते का?"

"तुया गाण्यात म्हनत असतीन तसं," म्हणायचात, आणि तुरीच्या शेंगांची थैली माझ्या हातात कोंबून चालू लागायचात. दर वेळी शेंगा. माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला येऊन पहिल्या रांगेत घोरायचात आणि निघताना सांगायचात, "चांगली म्हनते, पन जेवणाआधी म्हनत जाय." तुम्ही झोपलात की मला बरं वाटायचं, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आपलं माणूस निवांत आहे असं वाटायचं. तुमची आठवण येते भाऊजी, फार येते. दिवाळी तोंडावर असताना तुम्ही सकाळी गोठ्यात शेण काढता काढता बसलात ते उठलाच नाहीत. पुतण्यानं अग्नी दिला. गजू काँगोहून केव्हाच परतून इकडच्या छावणीत होता, तरी पोचला तो राख सावडायला. ताई त्याच्या गळ्यात पडून रडली. तो नुसता उभा राहिला, तुमच्यासारखाच.

आज सकाळी तो ओट्यावर बसला होता. मी जाऊन शेजारी बसले. तर आपणहून म्हणाला,

"मावशी, बाबाचा फोन आल्ता. दसरा झाल्यावर."

"आईनं केला असेल."

"नाही. बाबानं सोता. बसस्टँडच्या बूथवरून. म्हने, 'दिवाईले ये.'"

मला खरं वाटेना. "असंच? सरळ?"

"हो. 'दिवाईले ये,' म्हने. मंग काहीच बोलले नाही. निस्ता फोन धरून होते."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, पाह्यतो."

"सुट्टी मिळत नव्हती का?"

 तो ओट्यावरच्या धुळीत बोटानं रेघा ओढत राहिला. मग म्हणाला, "भेटली होती. तिकीट बी काढलं होतं."

भाऊजी, मी त्याच्यावर अशी ओरडले की समोरच्या घरातली बाई दारात आली. अरे गाढवा, मग 'येतो' म्हणायला काय झालं होतं तुला? त्यानं मान वर केली. "म्हटलं, आल्यावर दिसंनच न त्याईले." आणि मग, मी त्याला लहानपणापासून ओळखते पण असा आवाज त्याचा कधी ऐकला नव्हता, "मावशी, बाबाले वाटलं असंन का, मी येतच नाही म्हनून?"

 आयुष्यात एकदाच तुम्ही सरळ बोललात. मी सांगत होते तसं, शब्दाला शब्द. आणि ज्याच्याशी बोललात तो निघाला तुमच्याच वळणाचा. 'पाह्यतो' म्हणे! मला तुमच्या दोघांची गचांडी धरावीशी वाटत होती आणि त्यातला एक तर आता हाती लागणार नव्हता.

उत्तर ताईनं दिलं. ती हातात सूप घेऊन दारात कधी येऊन उभी राहिली, आम्हाला कळलं नव्हतं.

"नाही वाटलं त्याईले तसं," ती म्हणाली. "फोन करून आले त्या दिवशी यायनं माळ्यावरची खाट खाली काहाडली. जुनी नवार सोडली, नवी आणली, अन् दिवसभर बसून इणली. म्या इचारलं, कोनासाठी? तं म्हने, पडून हाय, करून ठेवतो. म्या बी मंग काही बोल्ली नाही. चकलीची भाजनी दयून आणली."

ऐकलंत? तिलाही माहीत होतं. तुम्हाला माहीत होतं, तिला माहीत होतं, त्यानं तिकीट काढलं होतं, आणि तिघांपैकी एकानंही कोणाला काही सांगितलं नाही. तुमच्या घरात राहायचं म्हणजे माणसानं मनकवडंच असायला हवं. मग म्हटलं, कोणीतरी सांगायलाच पाहिजे. मी गजूचा हात धरला आणि म्हटलं, "तुझा बाप तुझी वाट पाहत होता, गजू. तू येणार हे त्याला माहीत होतं, आणि तो तुझी वाट पाहत होता."

तुमच्या त्या घरात हे वाक्य आधी कोणी मोठ्यानं म्हटलं नसावं. गजू रडला. आल्यापासून पहिल्यांदा, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, हमसून हमसून रडला. ताई सूप खाली ठेवून त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि आत खाटेकडे पाहिलं. आल्या दिवसापासून तो तिच्यावरच झोपतो आहे.

"नवार लय कसली बाबानं," तो म्हणाला. "पाठ लागून आली."

मी म्हटलं, "चल आत, सैल करून देते."

"नाही," तो म्हणाला. "राहू दे तशीच."